अनोळखी धरणातला मासा: आधी नकाशा, मग फिशफाइंडर

गळाचा छंद असलेल्या बहुतेकांनी अमेरिकेतल्या बास मासेमारीचे व्हिडिओ पाहिलेले असतात. नावेच्या पुढच्या टोकाला एक पडदा, सुकाणूपाशी दुसरा, पडद्यावर उमटणाऱ्या कमानी आणि थोड्याच वेळात गळाला लागलेला मासा. ते पाहून रायपूर-भिलाईकडचे हौशी लोक फिशफाइंडर मागवतात, गंगरेल धरणावर जातात, दिवसभर पडद्याकडे बघत पाण्यावर फिरतात आणि संध्याकाळी हात हलवत परततात. यंत्र बिघडलेले नसते. व्हिडिओत न दिसणारे एक काम राहून गेलेले असते. पाण्यावर उतरण्यापूर्वी व्हिडिओतल्या माणसाने घरी बसून नकाशावर दहा-बारा जागा नक्की केलेल्या असतात आणि फिशफाइंडर तो त्या जागा तपासण्यापुरता वापरतो.

हे का करावे लागते ते एका हिशेबातच कळेल. साधारण फिशफाइंडरच्या आवाजाचा शंकू २०० किलोहर्ट्झला सुमारे २० अंशांचा असतो. दहा मीटर खोलीवर त्याच्या तळाचा व्यास साडेतीन मीटर भरतो. तासाला पाच किलोमीटर वेगाने आठ तास नाव चालवली तर ४० किलोमीटर लांबीची आणि साडेतीन मीटर रुंदीची एक पट्टी तपासून होते. म्हणजे १४ हेक्टर, जेमतेम ३५ एकर. गंगरेलसारख्या जलाशयात ३५ एकर म्हणजे काहीच नाही. नुसते फिरून मासा सापडणे नशिबावरच.

बास आपल्या धरणांत नाही. आपल्याकडे कटला, रोहू, मृगळ, शिवडा, मरळ, पतोला, शिंगाडा आणि आता बहुतेक ठिकाणी तिलापिया. तरीही बासवाल्यांची पद्धत इथे लागू पडते, कारण ती माशाच्या जातीपेक्षा तळाच्या रचनेवर उभी आहे. दुसऱ्या महायुद्धानंतरच्या काळात नॉर्थ कॅरोलायनातल्या बक पेरी यांनी ती लोकांना शिकवली. तळाला आमिष घासत नेऊन ते उतार, कडा आणि उंचवटे शोधत. कार्ल लोरन्स यांनी हौशी मासेमारांसाठी छोटे सोनार यंत्र बाजारात आणले ते १९५७ मध्ये, म्हणजे त्यानंतर. तळ वाचण्याची विद्या आधीची आहे, पडदा मागाहून आला. पेरी यांचे म्हणणे आजही खरे ठरते. सपाट, एकसारख्या तळावर मासा क्वचित थांबतो. तो कडेला राहतो: खोल आणि उथळ जिथे भेटतात, कठीण आणि मऊ जिथे बदलते, उघडे पाणी आणि आडोसा जिथे जवळजवळ असतात तिथे.

अशा कडा शोधायच्या तर धरण म्हणजे पाण्याने भरलेली दरी आहे हे मनात पक्के ठेवायला हवे. गंगरेलचे अधिकृत नाव रविशंकर सागर. धमतरीपासून तेरा किलोमीटरवर, रायपूरहून साधारण नव्वद. महानदीवरच्या या बांधाची पायाभरणी १९७२ मध्ये झाली आणि १९७८ च्या सुमारास काम पुरे झाले. ५२ गावे बुडाली. त्या गावांची देवी अंगारमोती आता बांधाजवळच्या देवळात आहे. देवी वर आली, पण गावांचे बाकी सगळे खालीच राहिले. नदीचे जुने पात्र, तिला मिळणारे नाले, बैलगाडीच्या वाटा, भातखाचरांचे बांध, आणि मासेमाराच्या दृष्टीने सर्वांत मोलाचे म्हणजे गावतलाव. छत्तीसगढात तलावाशिवाय गाव सापडणे कठीण. गाव बुडाले तेव्हा तलावही बुडाला, आणि त्याची पाळ तळावर लांबट उंचवटा होऊन राहिली. एका बाजूला तलावाचा खळगा, दुसऱ्या बाजूला शेताची सपाटी, मध्ये मुरमाची कठीण पाळ. लाटांनी ती झिजलेली असते, काही ठिकाणी फुटलेलीही असते, पण भोवतीच्या गाळापेक्षा वेगळी राहते. अमेरिकी मासेमार ज्याला स्ट्रक्चर म्हणतात त्याचा याहून चांगला नमुना आपल्याकडे नाही. एवढ्या पाळी महानदीच्या एका जलाशयाखाली आहेत, हे इथल्या हौशी माणसाचे भाग्यच म्हणायचे.

त्या शोधायच्या कशा? पहिला आधार जुन्या नकाशांचा. अमेरिकी लष्कराच्या नकाशा विभागाने १९५० च्या दशकात भारताचे १:२,५०,००० मापाचे नकाशे काढले. यू-५०२ या नावाची ती मालिका आहे. टेक्सास विद्यापीठाच्या पेरी-कास्तान्येदा ग्रंथालयाने ती इंटरनेटवर मोफत ठेवली आहे. त्यातले रायपूरच्या दक्षिणेकडचे पान उघडले की गंगरेलच्या जागी पाणी नाही, महानदीची वळणे दिसतात. काठची गावे, त्यांची नावे, गावांना जोडणारे रस्ते दिसतात. मात्र या मापावर एक मिलिमीटर म्हणजे जमिनीवरचे २५० मीटर, म्हणून त्यावरून गळ टाकायला जाऊ नये. कोणते गाव कोणत्या वळणावर होते आणि नाला कुठे मिळत होता, एवढे ठरवायला तो पुरतो.

त्याहून बारीक तपशील भारतीय सर्वेक्षण विभागाच्या नकाशांत मिळतो. धमतरी आणि गंगरेलचा भाग ६४ एच या पत्रकात येतो. आज विभागाच्या संकेतस्थळावरून १:५०,००० मापाची पाने उतरवून घेता येतात, पण त्यांत जलाशय निळा दाखवलेला असतो आणि समोच्च रेषा काठाशी थांबतात. काठावरच्या टेकड्यांची सोंड कुठे पाण्यात शिरते हे त्यावर नीट कळते, आणि जी सोंड पाण्याबाहेर दिसते ती बहुतेक वेळा पाण्याखालीही तशीच पुढे जाते. धरणापूर्वीची, एक मैलाला एक इंच मापाची आवृत्ती एखाद्या विद्यापीठाच्या भूगोल विभागात किंवा जुन्या नकाशांच्या संग्रहात पाहायला मिळाली तर मग बघायलाच नको. त्यात दर ५० फुटांना समोच्च रेषा असते. आता पुढचे गणित करा. रविशंकर सागराची पूर्ण पातळी समुद्रसपाटीपासून ३४८.७० मीटर. जुन्या नकाशावरची ११०० फुटांची रेषा म्हणजे ३३५.२८ मीटर. धरण काठोकाठ भरलेले असताना ती रेषा १३.४२ मीटर पाण्याखाली असते. पातळी ३४४ वर उतरली की तीच रेषा पावणेनऊ मीटरवर येते. अशी एक रेषा हाती आली तरी नदीच्या दरीचा आकार डोळ्यांपुढे उभा राहतो.

आजची पातळी कळायला खटाटोप लागत नाही. केंद्रीय जल आयोग दर गुरुवारी देशातल्या मोठ्या जलाशयांचे साप्ताहिक पत्रक काढतो. छत्तीसगढातले रविशंकर सागर आणि मिनीमाता बांगो त्यात असतात. ते पत्रक पाहिल्याशिवाय घराबाहेर पडू नका. आपले जलाशय सिंचनाचे आहेत. रब्बीला पाणी सुटते, भिलाईच्या पोलाद कारखान्याला जाते, उन्हाळ्यात गावोगावचे निस्तारी, म्हणजे घरगुती वापराचे, तलाव भरायला कालवे उघडतात. मग वरच्या दुधावा आणि मुरुमसिल्ली धरणांतून पाणी सोडून गंगरेलची भरपाईही होते. अमेरिकेतल्या पुष्कळ तळ्यांत पातळी वर्षभर फारशी हलत नाही, म्हणून तिथला माणूस एकदा केलेली खूण वर्षानुवर्षे वापरतो. आपल्याकडे नोव्हेंबरात आठ मीटर खोल असलेली पाळ मे महिन्यात उघडी पडून तिच्यावर बगळे बसलेले असतात. म्हणून वहीत खोली लिहू नका, समुद्रसपाटीपासूनची उंची लिहा. ‘पाळ, ३४१ मीटर’ अशी नोंद कोणत्याही महिन्यात उपयोगी पडते. ‘पाळ, सात मीटर’ ही नोंद पुढच्या महिन्यात निरुपयोगी होते.

पातळीचा हा चढउतार त्रासाचा वाटतो, पण तोच आपला सर्वांत मोठा फायदा आहे. बास मासेमारांना जे विकत घ्यावे लागते ते आपल्याला उपग्रह फुकट देतो. युरोपचे सेंटिनेल-२ उपग्रह २०१५ पासून फोटो घेत आहेत. दहा मीटरचा बारकावा, आणि दोन उपग्रह मिळून साधारण पाच दिवसांनी एक फोटो. कोपर्निकस ब्राउझरवर ते कुणालाही पाहता येतात. करायचे असे: एका वर्षातले ढग नसलेले सहा-सात दिवस निवडा, ऑक्टोबरपासून जूनच्या पहिल्या आठवड्यापर्यंत पसरलेले. प्रत्येक फोटोतला पाण्याचा काठ गूगल अर्थवर रेघेने उतरवून घ्या. त्या तारखेच्या जवळची पातळी जल आयोगाच्या पत्रकातून काढा आणि रेघेला तीच संख्या नाव म्हणून द्या. पाण्याचा काठ म्हणजे त्या दिवसाची समोच्च रेषा. ३४७, ३४५, ३४३, ३४० अशा रेषा एकाखाली एक जमत जातात आणि वरच्या सात-आठ मीटरचा तळनकाशा तुमच्या हाताने तयार होतो. रेषा जिथे एकमेकींना खेटून येतात तिथे उतार तीव्र आहे. जिथे त्या लांब जिभेसारख्या पाण्यात घुसतात तिथे सोंड आहे. उन्हाळी फोटोत पाण्याच्या मधोमध एखादी सरळ, माणसाने आखल्यासारखी रेघ दिसली तर ती पाळ किंवा रस्ता. निसर्गात सरळ रेघा फार नसतात.

घाई असेल त्यांनी युरोपीय संघाच्या संशोधन केंद्राचा जागतिक पाण्याचा नकाशा पाहावा. १९८४ पासूनच्या लँडसॅट फोटोंवरून, जमिनीच्या कोणत्या तुकड्यावर किती टक्के काळ पाणी होते, हे तो रंगांत दाखवतो. जिथे कायम पाणी तिथे खोल, जिथे निम्माच काळ तिथे उथळ. ढोबळ आहे, पण अनोळखी जलाशयावर जाण्याच्या आदल्या रात्री पाच मिनिटांत अंदाज येतो.

एका सापळ्यात मात्र बरेच जण अडकतात. इंटरनेटवर मोफत मिळणाऱ्या उंचीच्या आकडेवारीतली मोठी मोजणी अंतराळयानातल्या रडारने फेब्रुवारी २००० मध्ये केलेली आहे. रडारला पाण्याखालचे दिसत नाही. गंगरेल तेव्हा भरलेले होते, त्यामुळे त्या आकडेवारीत तिथे सपाट पाटीच आहे आणि तिच्यावरून काढलेला ‘तळनकाशा’ खोटा. उलट भंडाऱ्याच्या गोसेखुर्दला पाणी साठू लागले ते त्यानंतर. तिथे हीच आकडेवारी वैनगंगेची कोरडी दरी दाखवते, आणि काही मीटरची चूक धरूनही ती कामाची आहे. धरण कधी भरले हे आधी पाहायचे आणि मगच कोणत्या नकाशावर विसंबायचे ते ठरवायचे. मुरुमसिल्ली १९२३ मध्ये पुरे झालेले धरण. १९५० च्या दशकातल्या नकाशातही तिथे पाणीच दिसणार. तिथे उन्हाळी फोटो आणि स्वतःची मोजणी एवढेच साधन.

आता जागा निवडायच्या. माझी पहिली पसंती जुन्या पात्राच्या बाहेरच्या वळणाला. नदी वळताना बाहेरचा काठ कापते, म्हणून तिथे उभी कड आणि खोल डोह, आणि कडेवर लगेच सपाट शेत. शिवडा, ज्याला इथले केवट, म्हणजे मासेमार, पढिना म्हणतात, दिवसा अशा डोहाच्या कडेला तळाशी दबून असतो आणि अंधार पडू लागला की वरच्या सपाटीवर लहान माशांमागे येतो. दुसरी जागा नाला आणि नदी मिळते तिथली, कारण तिथे दोन कडा एकत्र येतात. तिसरी, गावतलावाची पाळ, आणि तीही तिच्या फुटलेल्या तोंडाशी. पाळीवरून येणाऱ्या-जाणाऱ्या माशाची वाट तिथूनच असते. दोन टेकड्यांमधली बुडालेली खिंड, जुन्या रस्त्याची मोरी आणि काठावरून आत शिरलेली सोंड या त्यानंतरच्या जागा. कटला तळाशी बांधलेला नाही. तो वरच्या आणि मधल्या थरात सूक्ष्म जीव गाळून खातो, म्हणून त्याच्यासाठी दोन-तीन दिवस एकाच दिशेने वारा वाहिला असेल तर वारा ज्या काठाला आदळतो त्याच्या समोरची सोंड पाहावी. रोहू बुंध्यांवर आणि दगडांवर साचलेले शेवाळ खातो, मृगळ तळाचा गाळ. मरळासाठी यातले काहीच लागत नाही. तो पाणवनस्पतींच्या उथळ काठाचा मासा आहे, हवा घ्यायला वर येतो, आणि डोळे व कान हेच त्याचे फिशफाइंडर. दहा-बारा खुणा फोनमध्ये टाका, त्या ऑफलाइन चालतील अशा ठेवा. डुबानात, म्हणजे बुडीत क्षेत्रात, नेटवर्क मिळेलच असे नाही.

इथून पुढे फिशफाइंडरचे काम. पडद्याच्या अगदी उजव्या कडेला जे उमटते तेवढेच ‘आत्ता’चे असते. डावीकडचा सगळा इतिहास. नाव थांबली तरी पडदा सरकत राहतो, म्हणून उभ्या नावेखालचा एकच मासा लांब आडवी रेघ काढतो आणि नवख्याला तो फार मोठा मासा वाटतो. चालत्या नावेखालून मासा शंकूत शिरतो तेव्हा तो तिरक्या रेषेत, म्हणजे लांब असतो. बरोबर खाली आला की अंतर सर्वांत कमी, पुढे पुन्हा वाढते. या वाढत्या-घटत्या अंतराचीच कमान होते. अर्धी कमान म्हणजे लहान मासा नव्हे, शंकूच्या कडेने गेलेला मासा. कमानीच्या लांबीवरून माशाचा आकार ठरवू नये, तिच्या जाडीवरून आणि रंगावरून ठरवावा. माशाचे चित्र काढून दाखवणारी सोय बंदच करून टाका. ती बुंध्यालाही मासा म्हणते आणि बुडबुड्यालाही.

बुडबुड्यांचे खास सांगायला हवे. उन्हाळ्यात आपल्या जलाशयांच्या तळाशी सडणाऱ्या पालापाचोळ्यातून वायू सुटतो. पडद्यावर तळापासून वरपर्यंत तिरक्या, सुतासारख्या रेघा दिसतात, एकामागून एक, एकाच कलाने. मासा इतक्या शिस्तीने वर जात नाही. अशा रेघा दिसल्या की तिथे मऊ, सेंद्रिय गाळ आहे एवढे समजावे आणि पुढे जावे.

खरी माहिती तळाच्या रेषेत असते, कमानीत नाही. रेषा पातळ आणि लख्ख असून तिच्या दुप्पट खोलीवर दुसरी फिकट रेषा उमटत असेल तर तळ कठीण, कारण आवाज तळावरून पृष्ठभागावर आणि पुन्हा तळावर आपटून आला. रेषा जाड, पसरट, खाली विरत गेलेली असेल तर गाळ. पाळ शोधताना हे असे दिसते: बराच वेळ नऊ मीटरवर जाड, मऊ रेषा चालू असते. मग ती हळूहळू वर चढते, आठ, सात, साडेसहा, आणि चढताना बारीक व लख्ख होत जाते. माथ्यावर दुसरा प्रतिध्वनी दिसू लागतो. मग पलीकडे ती एकदम खाली जाते, दहा-साडेदहापर्यंत, आणि पुन्हा मऊ होते. तो तलावाचा खळगा. दोन-तीन दिशांनी आडवे जाऊन माथा कुठून कुठे जातो हे लक्षात घ्या, दोन्ही टोकांना खूण करा, आणि नाव तिथून लांब नेऊन गळ तिकडे फेका. शोधताना माशाच्या डोक्यावरून चार वेळा नाव नेल्यावर तो लगेच गळाला लागेल अशी अपेक्षा ठेवू नये. पाऊण तास त्या जागेला शांत राहू द्यावे.

उतारावर यंत्र फसवते हेही ध्यानात असावे. शंकूचा एक काठ उताराच्या वरच्या भागाला आधी लागतो आणि यंत्र तोच तळ म्हणून दाखवते. त्याच्या खालच्या पट्ट्यात चिकटून बसलेला शिवडा दिसतच नाही. म्हणून तीव्र कडेवर अरुंद शंकू, म्हणजे वरची वारंवारता ठेवावी. ८३ किलोहर्ट्झचा साठ अंशांचा रुंद शंकू दहा मीटरवर साडेअकरा मीटरचे वर्तुळ झाकतो. सपाट पाण्यात शोधाशोधीला तो चांगला, कडेवर नको. पडदा कडेवर रिकामा दिसला तरी जागा सोडू नका, नकाशा तिथे कड आहे म्हणतो ना, मग गळ टाकून पाहा.

नाव नसेल त्यांच्यासाठी गळाच्या दोरीला बांधून फेकायचे चेंडूसारखे सोनार मिळते. लिथुआनियाच्या डीपर कंपनीचे त्यात बरेच परिचित आहे. ते फोनला माहिती पाठवते आणि काठावरून, आत शिरलेल्या सोंडेवरून पन्नासेक मीटरचा पट्टा मोजायला पुरते. तेही परवडत नसेल तर गवंड्याचा ओळंबा घ्या. मजबूत दोरीला दर मीटरवर रंगीत धाग्याची गाठ मारा, ओळंब्याच्या तळाला साबणाचा किंवा मेणाचा थर लावा. खोली तर कळतेच, पण वर आलेल्या थराला काय चिकटले आहे त्यावरून तळ वाळूचा की चिकणमातीचा की मुरमाचा हेही कळते. हे शेवटचे कोणतेही फिशफाइंडर सांगत नाही. समुद्रावरच्या खलाशांनी शतकानुशतके खोली अशीच मोजली. यंत्र असले तरी नव्या जलाशयावर मी ओळंबा टाकायला सांगतो, कारण पडद्यावरची जाड रेषा म्हणजे नक्की काय, हे एकदा हाताने पाहिले की कायमचे समजते.

रायपूर शहरातल्या बूढा तलावात किंवा तेलीबांध्यात यातले काही नेऊ नका. उथळ, बशीसारखे तळ, तिथे वाचण्यासारखे फार नाही.

आता परवानगीची गोष्ट, आणि ती शेवटी सांगतोय म्हणून दुय्यम नाही. आपल्या जलाशयांतला मासा कुणाच्या तरी पोटाचा प्रश्न आहे. मासेमारीचे हक्क बहुधा सहकारी संस्थांना दिलेले असतात, मत्स्यबीज सोडलेले असते, काही ठिकाणी पिंजऱ्यांतून मत्स्यपालन चालते. जिल्ह्याच्या मत्स्यविभागाच्या कार्यालयात आणि स्थानिक संस्थेत विचारल्याशिवाय गळ टाकू नये. पिंजरे, बांधाची भिंत आणि सांडव्याच्या दारांपासून दूर राहावे. सोंढूर धरणाकडे जाणाऱ्यांनी वनविभागालाही विचारावे, तो परिसर उदंती-सीतानदी व्याघ्र प्रकल्पाच्या लगतचा आहे. पाण्यात लावलेल्या जाळ्यांचे तरंड दिसले की पन्नास मीटर लांबून वळसा घ्या. नावेच्या पंख्याने फाटलेले जाळे म्हणजे एका घराची आठवड्याची कमाई. जीवरक्षक जाकीट अंगात असले पाहिजे, नावेत पडलेले नव्हे. दुपारनंतरच्या वाऱ्यात या जलाशयांवर उठणाऱ्या लाटा छोट्या डोंग्याला सहज उलटवतात.

छत्तीसगढात १६ जून ते १५ ऑगस्ट हा माशांच्या विणीचा काळ म्हणून मासेमारीला बंदी असते. राज्याच्या १९७२ च्या नदीय मत्स्योद्योग अधिनियमाखाली ती लागू होते आणि मोडणाऱ्याला एक वर्षापर्यंत कैद, दहा हजारांपर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकतात. नदीशी संबंध नसलेले छोटे तलाव तेवढे वगळलेले आहेत. बंदीबाहेरच्या दिवसांतही शिवडा लागला तर त्याला सोडून द्यावे असे माझे स्पष्ट मत आहे. जागतिक लाल यादीत तो आता असुरक्षित गणला जातो. नारिंगी-लाल पिलांच्या थव्याखाली फिरणाऱ्या मरळालाही हात लावू नका. पालक गेला की ती पिले इतर मासे काही तासांत संपवतात. आणि तुम्ही सोनारने शोधलेली एखादी भरगच्च पाळ समाजमाध्यमावर अक्षांश-रेखांशासह टाकू नका. यंत्राने शोधणे सोपे झाले आहे, त्यामुळे उपसणेही सोपे झाले आहे.

उलट दिशेने मात्र माहिती जरूर द्या. तुम्ही जमवलेल्या रेषांचा नकाशा छापून तिथल्या सहकारी संस्थेत न्या. डुबानात वाढलेल्या म्हाताऱ्या केवटाला तुमच्या नकाशावरचे गाव दाखवा. कोणत्या वळणावर डोह होता, कोणत्या तलावाची पाळ दगडी होती, कुठे चिंचेचे झाड न तोडताच पाणी आले, हे त्याला ठाऊक असते, आणि ते कोणत्याही पत्रकात नाही. तुमच्या नकाशात एक खूण वाढते आणि जाळे कुठे अडकणार नाही हे त्याला कळते.

तळाची अशी ओळख करून घ्यायला सर्वांत चांगला काळ जूनचा पहिला पंधरवडा आहे. पाणी वर्षातले सर्वांत खाली असते आणि पाऊस अजून आलेला नसतो. त्या दिवसांत एकदा गळ घरी ठेवून गंगरेलला, दुधाव्याला किंवा तांदुळा धरणाला जा. फोनचे जीपीएस चालू करा आणि उघड्या पडलेल्या तळावरून चाला. वाळून भेगाळलेल्या गाळावर पाय देण्यापूर्वी काठीने टोचून पाहा, वरचा पापुद्रा कोरडा आणि खाली चिखल असे पुष्कळदा असते. सोबत कुणीतरी हवेच. पाळी, मोऱ्या, बुंधे, विहिरी, तिलापियाने केलेले बशीसारखे गोल खळगे, जे दिसेल त्याचा फोटो आणि खूण घ्या, त्या दिवसाची पातळी लिहून ठेवा. सप्टेंबरात हे सगळे पाण्याखाली गेलेले असेल आणि त्याची उंची तुमच्या वहीत असेल. पहिला गळ तेव्हा टाका.